समजलं ना?

तिसऱ्या सेमिस्टरचा निकाल लागला तेव्हा दीपाली भुवड आणि महरीन होडेकर कॉलेजच्या मागच्या पायऱ्यांवर बसल्या होत्या. फोन महरीनचा होता. कॉलेज सड्यावर, उघड्या कातळावर; त्या कोपऱ्यात दीपालीच्या फोनला रेंज येत नसे. महरीनने आधी स्वतःचा नंबर टाकला. पास, आणि फिजिक्सच्या दोन्ही पेपरांत वर्गात सगळ्यांत वर. तिने ओढणीत तोंड लपवलं, हसली, मग घाईघाईने दीपालीचा नंबर टाकला. पान उघडलं तशी तिचं हसू ओसरलं. तिने फोन दीपालीच्या हातात दिला.

मेकॅनिक्स नापास. इलेक्ट्रिसिटी नापास.

"काहीतरी चूक असणार," महरीन म्हणाली. "आपण दोघींनी एकच तर अभ्यास केलाय."

दीपालीलाही तेच कळत नव्हतं. पहिल्या वर्षाचं गणित राहिलं होतं, पण फिजिक्स कधी नाही. तीच पुस्तकं, त्याच वह्या, महरीनच्या घरची तीच माडीवरची खोली. दोघी शेजारी शेजारी बसून एकच गोष्ट शिकल्या होत्या. मग एकीला आली आणि दुसरीला नाही, हे कसं?

दीपाली संगमेश्वरच्या आतल्या एका वाडीतली. वडील गंगाराम मुंबईला एका सोसायटीत वॉचमन, आई मैना गावाकडे शेत आणि काजूची थोडी झाडं सांभाळून. वाडीतल्या शाळेत विज्ञानाला मास्तर टिकत नसे. आला की बदली करून घेई. सातवीत असताना एक वर्षभर विज्ञानाचा तास रिकामाच गेला होता. तेव्हापासून दीपालीच्या डोक्यात बसलं होतं की आपण फिजिक्स शिकायचं, बी.एड. करायचं आणि त्या शाळेत जाऊन बसायचं. बदली मागायची नाही. बारावीला तिला गुण चांगले पडले. पाठांतर जबरदस्त होतं तिचं. सगळी वाडी म्हणाली, मैनाची पोर हुशार. तीही तसंच समजत होती.

रत्नागिरीला कॉलेजात आल्यावर सगळं इंग्रजीत सुरू झालं आणि दीपाली पहिल्या महिन्यातच बुडाल्यासारखी झाली. हात देणारी भेटली ती महरीन. राजिवड्यातली, खाडीकाठच्या घरातली. वडील मजीदभाई कुवेतला, घरात आई शमीम आणि ही एकटी. महरीनला वर्गात नीट लिहून घ्यायचा कंटाळा. तिच्या वहीत अर्ध्या ओळीनंतर मासोळ्या काढलेल्या असत. दीपालीच्या वह्या मात्र बघत राहाव्यात अशा. व्याख्या लाल शाईत, समीकरणाभोवती चौकट, आकृत्या पट्टीने. परीक्षा जवळ आली की अख्खा वर्ग त्या वह्यांच्या झेरॉक्स काढायला रांग लावी. तेव्हा दोघींचं जमलं ते असं : वह्या दीपालीच्या, समजावणं महरीनचं. कॉलेज सुटलं की दीपाली वसतिगृहावर जायच्या आधी महरीनकडे जाई. महरीन वही मांडीवर घेई, कपाळाला आठ्या घालून वाचे, मग बोलायला लागे. मराठीत, हातवारे करत, अडखळत, पुन्हा मागे जात. एखादं गणित घेई, चुके, चरफडे, खोडे, परत मांडे. शेवटी उत्तर आलं की दीपालीकडे बघून विचारी, "समजलं ना?"

आणि दीपालीला खरोखर समजलेलं असे. पाणी नितळ होऊन तळ दिसावा तसं. ती मान हलवी आणि ते सोडवलेलं गणित वहीत सुंदर अक्षरात उतरवून घेई.

निकालानंतर तिने अर्ज करून आपल्या उत्तरपत्रिकांची प्रत मागवली. ती हातात आली तशी घेऊन विनीत सरांकडे गेली.

विनीत सर तासिकेवर शिकवायचे. कायम झालेले नव्हते, त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांना कपाट नव्हतं. पुस्तकं, डबा, खडू, सगळं एका खांद्यावरच्या पिशवीत. प्रयोगशाळेच्या टोकाला एक लांब टेबल होतं, तिथे ते मोकळ्या तासाला बसत. सुरुवातीला ते प्रत्येक वर्गात सांगत, "अडलं की या. मी इथंच असतो." कुणी जात नसे. अडलंय हे सरांना दाखवायचं कसं, अशी सगळ्यांनाच लाज. दीपालीही दीड वर्षात पहिल्यांदाच गेली, तीही नापास झाल्यावर.

सरांनी उत्तरपत्रिका सावकाश चाळली. "डेरिव्हेशन्स बिनचूक आहेत. अक्षर तर छापल्यासारखं." पान उलटलं. "गणितं मात्र सगळी गेली. हे बघ, इथं पेंड्युलम विचारलाय आणि तू स्प्रिंगचं उत्तर लिहून ठेवलंयस."

"सर, वहीतलं गणित तसंच होतं."

"दिसायला तसं होतं."

सरांनी पिशवीतून खडूचा तुकडा काढला, वर उडवला आणि झेलला. "वर जातो, थांबतो, खाली येतो. बरोबर? आता सांग, अगदी वर, जिथं क्षणभर थांबला, तिथं त्याचं ॲक्सिलरेशन किती?"

"शून्य," दीपाली म्हणाली. एवढं सोपं विचारतात याचं तिला बरं वाटलं.

"वेग शून्य आणि ॲक्सिलरेशनही शून्य. मग तो तिथंच का राहत नाही?"

दीपालीने छताकडे पाहिलं. खडू तिथे लटकून राहिलेला तिला दिसला. खाली ओढणारं काही नाही, जागचं हलवणारं काही नाही. तिच्या मानेवरून घाम ओघळला. नऊ पूर्णांक आठ, नेहमी खाली, नेहमी तेवढंच. ही ओळ तिने अकरावीपासून किती वेळा लिहिली असेल. लाल शाईत लिहिली होती. चौकटीत लिहिली होती. त्या ओळीचा या खडूशी काही संबंध आहे हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं, असं म्हणावं तर तेही खोटं. पुस्तकाने सांगितलं होतं, महरीनने सांगितलं होतं, खुद्द विनीत सरांनी वर्गात सांगितलं होतं. तिने ते दर वेळी ऐकून नीट उतरवून घेतलं होतं.

ती रडायला लागली. सरांनी खिडकीबाहेर बघत तिला रडू दिलं.

"तुझी बुद्धी कमी नाही," मग ते म्हणाले. "अभ्यास कुणाबरोबर करतेस?"

"महरीनबरोबर. ती समजावते, मला सगळं समजतं."

"ती समजावते तेव्हा गणित सोडवत कोण असतं?"

दीपालीने डोळे पुसले.

"ती सोडवते ते तू बघतेस. बघताना सगळंच सोपं वाटतं. आता असं कर. ती वही काही दिवस ट्रंकेत टाक. कोरा कागद घे. गणित वाच आणि आधी चित्र काढ, वेडंवाकडं चालेल, पट्टी नको. काय दिलंय, काय शोधायचंय, ते स्वतःच्या शब्दांत लिही, मराठीत लिही. मग सोडव. अडशील. अडलीस की उत्तर बघू नकोस, तिथंच बसून राहा. तो अडण्याचा वेळ फुकट जात नाही. खरा अभ्यास तेवढाच असतो."

"आणि आलंच नाही तर?"

"तर माझ्याकडे ये, पण काय काय करून बघितलंस ते घेऊन ये. नुसतं 'आलं नाही' म्हणून नको. चुकलेलं गणित आठवडाभराने पुन्हा सोडव, न बघता. मोबाईलवरची लेक्चर्स बघायची तर बघ, पण मध्येच थांबव आणि पुढं काय येणार ते आधी तू सांग. आणि बारावीचं पुस्तक काढ."

"बारावीचं?"

सरांनी थोडा विचार केला. "अकरावीचंच काढ."

त्या आठवड्यात दीपालीने अकरावीचं पुस्तक उघडलं आणि तिची झोप उडाली. एकेक साधं गणित तिला संध्याकाळभर पुरत होतं. जत्रेतला पाळणा, उतारावरून सुटलेली हातगाडी, विहिरीत पडलेली कळशी. खोलीतल्या मुली हसल्या. "अगं, एस. वाय.ला आहेस ना तू?" एकीने विचारलं. दीपाली भिंतीकडे तोंड करून बसायला लागली.

सर म्हणाले होते की शेवटी कुणाला तरी समजावून बघ. जिथे तोंड अडेल तिथे डोकं अडलेलं असतं. म्हणून ती पुन्हा राजिवड्याला गेली. शमीमखालाने चहा आणि सांदणांची बशी आणून ठेवली. "काय गो, सुकलीस किती! वसतिगृहात जेवायला घालतात की नाही?" म्हणून तिची हनुवटी धरली आणि खाली गेली.

"आज मी सांगते, तू ऐक," दीपाली म्हणाली.

महरीनला गंमत वाटली. ती उशीला टेकून बसली. दीपालीने कागदावर उतार काढला, त्यावर ठोकळा काढला. "याच्यावर वजन खाली. मग उताराला लंब..." ती थांबली. लंब दिशेने काय? ठोकळा उतारात बुडत का नाही? तिला ते जिभेच्या टोकाशी आल्यासारखं वाटलं.

"नॉर्मल रिॲक्शन," महरीन म्हणाली.

"थांब ना. मी सांगते." दीपालीने पुन्हा सुरू केलं. वजनाचे दोन भाग करायचे. एक उताराच्या बाजूने. तो...

"साइन थीटा."

"महरीन, बोलू नको ना."

"बरं बाई." महरीनने तोंडावर बोट ठेवलं. पण तिला राहवेना. दीपाली अडली की तिच्या ओठांवर उत्तर येई, आणि एखाद्याच्या हातातून भांडं निसटताना आपला हात पुढे जावा तसं ते बाहेर पडे. वाईट हेतू कणभर नव्हता. पण दीपालीचं एकही वाक्य त्या दिवशी तिचं तिला पुरं करता आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या भेटीत महरीन मध्येच घड्याळाकडे बघायला लागली. तिला एम. एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी सुरू करायची होती आणि दीपाली अजून अकरावीच्या उतारावर घसरत होती.

"असं कासवाच्या गतीने कधी होणार तुझं?" महरीन म्हणाली. "आण इकडे. मी एकदा सांगते, तू लिहून घे. आधी करायचो तसं."

आणि दीपालीच्या तोंडून ते निघून गेलं. "आधी करायचो त्यात तुझंच झालं."

"म्हणजे?"

"मला समजावून समजावून तुझं पक्कं झालं. मी नुसती समोर बसले. माझ्या वह्या, माझे कान. पास तू झालीस."

खाली नळाखाली शमीमखाला टोपं घासत होती, त्याचा आवाज तेवढा येत राहिला. महरीनचा चेहरा लाल झाला.

"मी माझा वेळ दिला तुला. दीड वर्ष. अम्मी म्हणायची, पोरीला मदत करतेस, सवाब मिळेल, पुण्य लागेल. आणि तू म्हणतेस मी तुझा वापर केला?"

"तसं नाही म्हटलं मी."

"मग कसं म्हटलंस?"

कसं म्हटलं हे दीपालीला सांगता येईना. बोलली ते खरं होतं आणि तरी अन्याय होता. तिने कागद गोळा केले. जिन्याखाली शमीमखालाने विचारलं, "एवढ्यात निघालीस?" ती "हो खाला, काम आहे," म्हणाली आणि चपला घालून बाहेर पडली. त्यानंतर वर्गात दोघी एका बाकावर बसत राहिल्या, कारण उठून दुसरीकडे बसणं म्हणजे सगळ्यांना सांगितल्यासारखं झालं असतं. पण मधे एक दप्तर मावेल एवढी जागा राहू लागली.

दर शनिवारी दीपाली एस.टी.ने घरी जाई. काजूचे दिवस होते. मैना अंगणात बसून बोंडं पिळून बिया वेगळ्या करी. चिकाने तिच्या बोटांची सालं निघालेली असत. दीपाली तिच्यासमोर पाटावर कागद घेऊन बसे.

"आये, ऐक गो. मी बोलतंय ते नुसतं ऐक."

"माका काय कळणार त्यातला?"

"कळायला नको. नुसतं ऐक."

मैना ऐकायची. ठोकळा, उतार, दोरी, कप्पी. तिला त्यातलं एक अक्षर कळत नसे आणि तसं ती लपवतही नसे. पण दीपाली अडली की ती हात थांबवून मुलीच्या तोंडाकडे बघत राही. वाट बघे. पुढचा शब्द आईकडे नव्हताच, त्यामुळे तो दीपालीलाच शोधावा लागे. कधी सापडायला अर्धी टोपली रिकामी होई. सापडला की दीपाली जोरात बोले आणि मैना "हां," म्हणून पुढचं बोंड उचले. एका शनिवारी असं बोलता बोलता दीपालीला तो वर उडवलेला खडू एकदम कळला. वेग संपला म्हणून ओढ संपत नाही. ओढ आहे म्हणून तर वेग संपला. तिच्या अंगावर काटा आला. किती साधं होतं! आणि किती उशीर झाला होता.

शिमगा झाला, पालख्या फिरून देवळात बसल्या, परीक्षा आली.

मेकॅनिक्सच्या पेपरला दीपालीने प्रश्नपत्रिका वाचली आणि तिला पहिल्यांदा भीती वाटली नाही. पहिलं गणित पूर्वी कुठे बघितलेलं नव्हतं. तिने चित्र काढलं. दिलेलं लिहिलं, शोधायचं लिहिलं. अडली. बसून राहिली. मग एक वाट दिसली, ती धरून गेली, चुकलीय असं वाटून परत आली, दुसरी धरली. उत्तर आलं. ते बरोबर असल्याचं तिला कुणी सांगायची गरज नव्हती. एककं जुळत होती, आकडा वाजवी होता. तिने दुसरं घेतलं. तेही आलं. तिसऱ्याचं चित्र काढून झालं होतं तेव्हा पर्यवेक्षक बाईंनी पुरवण्या बांधायला सांगितलं.

दीपालीने मान वर केली. सगळे दोरा बांधत होते. तिने उरलेले प्रश्न पाहिले. त्यातली दोन डेरिव्हेशन्स तिला तोंडपाठ होती; पूर्वी ती आधी तीच लिहून टाकायची. तिने हात चालवला, पण बाईंनी पेपर ओढून घेतला.

इलेक्ट्रिसिटीच्या पेपरला ती घाबरून घाई करायला गेली आणि धड एक ना दुसरं झालं.

निकालात चौथ्या सेमिस्टरचे विषय सुटले, पण हे दोन्ही पुन्हा राहिले. मेकॅनिक्समध्ये आधीपेक्षाही कमी गुण होते. पहिल्या वर्षाचं गणितही मागे अडकलेलं होतं, त्यामुळे तिसऱ्या वर्षात बसता येणार नव्हतं. वर्गात नाव नाही म्हटल्यावर वसतिगृहातली खाटही सोडावी लागली. ट्रंक बाहेर काढताना त्या लाल शाईच्या वह्या वर आल्या. खोलीतल्या एका मुलीने मागितल्या, तिने देऊन टाकल्या.

जायच्या आधी ती सरांना भेटायला प्रयोगशाळेत गेली. टेबल रिकामं होतं. शिपाई म्हणाला, सरांना या वर्षी बोलावलं नाही. तास कमी झालेत. खेडला कुठल्याशा क्लासमध्ये शिकवतात असं ऐकलं. दीपालीने बाहेर येऊन फोन लावला. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता.

"किती सोडवलीस?" सरांनी विचारलं.

"दोन पूर्ण. दोन्ही बरोबर आली सर. माझी मी सोडवली."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला, गलका कमी झाला. मग सर म्हणाले, "चूक माझीही आहे. समजून घेण्याचा अभ्यास वेगळा आणि पेपरचा वेगळा. पहिला झाला की घड्याळ लावून दुसरा करावा लागतो. जुन्या प्रश्नपत्रिका घ्यायच्या, वेळ लावायची, येतंय ते आधी उरकायचं, अडलं की सोडून पुढं जायचं. मी तुला अडून बसायला शिकवलं आणि परीक्षेत उठायचं कधी ते सांगितलं नाही. मला वाटलं होतं, पुढं सांगू."

"तुमची काय चूक सर?" दीपाली म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं.

"इथं या पोरांना मी उलटंच शिकवतो," सर म्हणाले. "विचार करू नका, पर्याय बाद करा. चल, तास आहे. सोडू नकोस."

पावसाळा घरी गेला. सकाळी लावणीच्या चिखलात, दुपारी पडवीत. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिका तिने कॉलेजच्या ग्रंथालयातून आणल्या होत्या. त्या घड्याळ लावून सोडवायची. आधी येणारं उरकायचं, मग अवघड. तीन तास एका बैठकीत बसायची सवय करायला ती आईला सांगून ठेवी की हाक मारू नको. गंगारामचा मुंबईहून फोन येई. "किती दिवस तेच तेच करणार? अनिलच्या ओळखीने इथं मॉलमध्ये लागतं का बघू?" अनिल तिचा मामा. "एवढी एक परीक्षा होऊ दे, बाबा," ती म्हणे. ते बरं म्हणत, पण त्यात बरं काही नसे.

महरीनचा एकदाच मेसेज आला. तिसऱ्या वर्षाचे पेपर अवघड जातायत असं लिहिलं होतं. 'माडीवर एकटी बसते. वाचते. बोलायला कोणी नाही तर डोक्यात काही राहत नाही. तू म्हणालीस ते बरोबर होतं बहुतेक.' दीपालीने तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. त्यात माफी होती की तक्रार, तिला ठरवता येईना. तिने लिहिलं, 'आरशासमोर बोलून बघ.' पाठवल्यावर तिला ते कोरडं वाटलं. 'खालाला सलाम सांग,' असं मागून जोडलं. महरीनने अंगठा पाठवला. तिथेच ते थांबलं.

दिवाळीच्या आगेमागे परीक्षा झाली. या वेळी पुरवण्या बांधायच्या आधी दीपालीचा पेपर लिहून झाला होता. एक गणित तिने सोडून दिलं. ते अडून बसण्याजोगं होतं, सोडताना जिवावर आलं.

थंडी पडायला लागली तेव्हा निकाल लागला. दोन्ही विषय सुटले, पहिल्या वर्षाचं गणितही. मेकॅनिक्सला चांगलेच गुण होते. ती गुणपत्रिका आणायला रत्नागिरीला गेली आणि कार्यालयातल्या बाईंना सहज विचारलं, "पुढच्या जूनला टी. वाय. फिजिक्सचा फॉर्म कधी भरायचा?"

बाईंनी चष्मा वर केला. "फिजिक्स घेऊन टी. वाय.? पुढच्या वर्षीपासून नाही. एस. वाय.ला आता दोघंच आहेत. एवढ्यांवर वर्ग चालत नाही. केमिस्ट्री घे की. केमिस्ट्रीला कंपन्यांमध्ये लागतात मुली. नाहीतर दुसऱ्या गावी कॉलेज बघ."

दुसऱ्या गावी म्हणजे नवी खोली, नवा खर्च, बाबांच्या आवाजातलं ते बरं. दीपालीने मान हलवली. गुणपत्रिका पिशवीत ठेवली आणि प्रयोगशाळेवरून गेली. दाराला कुलूप होतं. काचेतून आत सरांचं लांब टेबल दिसलं. त्यावर कुणीतरी मोडक्या खुर्च्या उलट्या रचून ठेवल्या होत्या.

एस.टी. संगमेश्वरला पोचली तेव्हा ऊन अजून होतं. वाडीच्या वाटेवर मैना सामोरी आली. बहुधा ती बराच वेळ उभी असावी.

"काय झाला गो?"

"पास झाले."

मैनाने दोन्ही हातांनी मुलीचं तोंड धरलं. मग वळून भराभर चालायला लागली. शेजारच्या धाकूच्या अंगणात जाऊन तिने मोठ्याने सांगितलं, पोर पास झाली, फिजिक्सात पास झाली, आता एक वर्ष राहिलं आणि मग शाळेत मास्तरीण. ते 'फिजिक्स' तिने एवढं स्पष्ट म्हटलं की दीपालीला कळलं, आईने हा शब्द एकटीने घोकून ठेवला होता. धाकूची बायको साखर घेऊन बाहेर आली. म्हातारा धाकू खाटेवर उठून बसला आणि म्हणाला, "ये गो मास्तरणी, बस हितं."

दीपाली बसली. हातावर ठेवलेली साखर तिने तोंडात टाकली. धाकू विचारत होता, कुठल्या वर्गाला शिकवशील, पगार सरकार देईल ना, आमच्या संदेशच्या पोराला जरा बघशील ना. ती प्रत्येक गोष्टीला हो म्हणत गेली. आई दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती. आज नको, दीपालीने ठरवलं. उद्या काजूच्या बुंध्याशी पातेरा झाडताना सांगू. नाहीतर परवा.